आर्डिस त्वेटनं डबी निवडली

ब्लॅक अ‍ॅश लेकला कुणाच्या घरात काय चाललंय हे कळायला दाराला कान लावावा लागत नाही. कुणाचं भांडं कुणाच्या ओट्यावर आहे एवढं बघितलं की पुरतं. चर्चच्या तळघरातल्या जेवणांपासून मयताच्या घरी पोचवलेल्या हॉटडिशपर्यंत, म्हणजे एकाच भांड्यात भाजलेल्या जेवणापर्यंत, सगळी भांडी गावभर फिरत असतात. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकाचं नाव. भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यामुळे एखादं भांडं दोन माणसांमध्ये सारखी ये-जा करू लागलं की गाव समजायचं ते समजतं आणि तोंडानं अक्षर काढत नाही. तोंडानं बोलणं उत्तर मिनेसोटात जरा उथळपणाचंच धरतात.

तर त्या वर्षी गाव ज्या भांड्यावर डोळा ठेवून होतं ते होतं मर्ल कूसिस्तोचं. निळं, चौकोनी, एका कोपऱ्याचा टवका उडालेलं. ते हमखास सापडायचं लून पॉइंट कंट्रोल्स या कंपनीच्या कॉफीच्या खोलीत, आणि परत जाताना त्यात जे काही असे ते आर्डिस त्वेटच्या हातचं.

आर्डिस साठीला टेकलेली. नवरा आर्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. उंच, सडपातळ, चालताना हात मागे बांधणारी. कंपनीच्या यंत्रांमध्ये ज्या इवल्याशा चिपा असतात त्यांनी कधी उठायचं, काय करायचं, कधी झोपायचं, हे लिहून देणं हे तिचं काम. आणि कंपनीचं यंत्र म्हणजे बुडबुडेवाला. तळं गोठलं की बर्फ धक्क्याच्या आणि बोटघराच्या खांबांना कवटाळतो आणि काडीसारखे मोडतो. म्हणून पाण्याखालून हवेचे बुडबुडे सोडायचे, पाणी हलतं ठेवायचं. हवेचा पंप चालतो घरच्या विजेवर, पण तो कधी सुरू करायचा हे ठरवणारी छोटी पेटी चालते स्वतःच्या बॅटरीवर. पेटी झोपते, मध्येच उठते, थंडी किती ते बघते, गरज असेल तर पंपाची कळ ओढते आणि परत झोपते. बरीचशी सरकारी नोकरीच म्हणा, फक्त इथे न उठल्यास बोटघर पडतं.

आणि मागच्या हिवाळ्यात काही पेट्या उठल्याच नाहीत. तळ्याच्या पलीकडे स्टेनरूडांचं बोटघर गुडघे टेकल्यासारखं पुढे झुकलं. पेट्या परत आल्या, आर्डिसनं त्या पुसून, सूचना नव्यानं भरून टेबलावर तपासल्या. ठणठणीत. कॉफीच्या खोलीतल्या मोठ्या फ्रीझरमध्ये, फोन सांभाळणाऱ्या बेव्हच्या नवऱ्यानं मारलेल्या हरणाच्या मांसाशेजारी ठेवून तपासल्या. ठणठणीत. शेवटी कंपनीत ठरलं की थंडी फार होती. मिनेसोटात, जानेवारीत, थंडी फार होती. हे ऐकून आर्डिसनं मान हलवली खरी, पण तिला ते घशाखाली उतरलं नाही.

ऑक्टोबर लागला तसं मालक कर्टिसनं तिला बोलावलं. कर्टिस चाळिशीच्या आतला, जुन्या मालकाचा जावई, मिनिआपोलिस शहराकडून आलेला. गावाला अजून तो पाहुणाच वाटतो, पण कुणी त्याला तसं जाणवू देत नाही, आणि त्यावरूनच त्याला ते जाणवतं.

“आर्डिस, त्या डब्यांचं काहीतरी करू या,” तो म्हणाला. “प्रत्येक जण वेगळी डबी वापरतो. एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. तळं गोठायच्या आत सगळ्यांना एकच डबी घेऊ. कुठली, ते तुम्ही ठरवा. आणि मागच्या वर्षीसारखं पुन्हा झालं तर मला हे यंत्र बंदच करावं लागेल.”

डबी म्हणजे डीबगर. काड्यापेटीहून थोडी मोठी. तिचं एक तोंड कॉम्प्युटरला लावायचं, दुसरं एका पट्टीदार तारेनं चिपच्या पायांना. मग चालत्या चिपला मध्येच ‘थांब’ म्हणता येतं आणि त्या क्षणी तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते वाचता येतं. आर्डिसच्या ड्रॉवरमध्ये नाना जातीच्या डब्या पडलेल्या. पण विचार करण्याजोग्या दोनच. एक पांढरी, चिपांबरोबर जवळजवळ फुकट येणारी. दुसरी काळी, महाग, फिरता विक्रेता मर्ल विकतो ती.

आता आली का पंचाईत? काळी निवडली तर गाव म्हणणार, आर्डिसनं डबी नाही, मर्ल निवडला. तोंडानं म्हणणार नाही. चर्चमध्ये तिच्यासाठी बाकावर दोन माणसांची जागा सोडणार, झालं.

बुधवारी सकाळी बेव्ह कॉफी ओतत होती. बेव्ह म्हणजे कंपनीचं पुढचं टेबल, टपाल, फोन आणि आकाशवाणी.

“बुधवार आहे,” बेव्ह म्हणाली.

“असेल.”

“मर्लची फेरी.”

“येऊ दे की. रस्ता सरकारचा आहे.”

“स्वेटर नवा दिसतो.”

“जुनाच आहे. तू बघितला नसशील.”

“अगं, चर्चमध्ये मी तुझ्या मागच्या बाकावर बसते. तुझे सगळे स्वेटर मला मागून पाठ आहेत.”

आर्डिसनं कॉफीत नको असलेली साखर ढवळली. तेवढ्यात मर्लचा पिकअप दारात लागला.

मर्ल कूसिस्तो फिन, म्हणजे मूळच्या फिनलंडच्या लोकांपैकी. फिन माणूस बोलका निघाला तर त्याला डॉक्टरकडे नेतात, अशी त्याच्याबद्दल थट्टा चालते, आणि मर्ल त्यावर हसतो, म्हणजे मिशीचं एक टोक हलवतो. बायको गेल्यापासून तो स्वतः भाजायला शिकला होता. त्यानं ओट्यावर निळं भांडं ठेवलं. आत खजूर आणि ओटच्या वड्या, मॅनिटोबातल्या मावशीच्या हातच्या पद्धतीनं केलेल्या.

“जरा जास्त भाजल्या गेल्या,” मर्ल म्हणाला. म्हणजे उत्तम झाल्या होत्या.

“वाईट नाहीत,” आर्डिस म्हणाली. आमच्याकडे याच्या वर पदक नाही.

बेव्हनं एक वडी तोंडात टाकली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, “सरहद्दीपलीकडे, कॅनडात, या वड्यांना लग्नाच्या वड्या म्हणतात, असं माझी वहिनी सांगते.”

 फ्रीझर तेवढा घुरघुरला.

मर्लनं काळी डबी टेबलावर ठेवली, तिच्याबरोबर माहितीचा कागद ठेवला, कागद सरळ केला, आणि हवा कशी आहे ते सांगितलं. ही त्याची विक्री. आपला माल चांगला आहे असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं त्याच्या जिवावर येई. जाताना दारात थांबून त्यानं परत हवेचं सांगितलं, मग पिकअपपाशी थांबून रस्त्याचं सांगितलं, मग खिडकीची काच खाली करून हरणांचं. आर्डिस तोवर थंडीत उभी. बेव्हनं काचेतून सगळं बघितलं आणि टपालाला शिक्के मारले.

खरं सांगायचं तर आर्डिसनं मनात पांढरीच ठरवली होती, आणि ठरवून तिला हायसं वाटलं होतं. पांढरी स्वस्त, सगळ्यांच्या सवयीची. शिवाय पांढरी चिपला स्वतःच वीज पुरवते. पेटीत बॅटरी घालायचीच गरज नाही, तार जोडली की काम सुरू. पूर्वी कधीतरी आर्डिसनंच त्या तारेत विजेची जादा वायर ओवून तसल्या पट्ट्या बनवल्या होत्या आणि सगळ्यांना वाटल्या होत्या. तपासण्यापुरती बॅटरी कशाला फोडायची? ती पट्टी बघून जुन्या मालकाचे डोळे पाणावले होते. आमच्या लोकांना काटकसरीपुढे कवितासुद्धा फिकी वाटते.

काळी डबी मात्र काहीच देत नव्हती. उरकून टाकावं म्हणून आर्डिसनं ती जोडली, तर पडद्यावर आलं, समोर वीज नाही.

“काय म्हणते?” बेव्ह डोकावली.

“म्हणते, आधी बॅटरी घाला.”

“एवढे पैसे घेऊन वीजही देत नाही? फिनच आहे.”

आर्डिसला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. पण तपासणी म्हणजे तपासणी. तिनं मागच्या वर्षी परत आलेली एक पेटी घेतली, तिच्यात बॅटरी घातली, फ्रीझरमध्ये ठेवली, झाकणाच्या रबरातून तार बाहेर काढली आणि काळी डबी जोडून बसली. पेटी हरणाच्या मांसाइतकी थंड झाली. मग आर्डिसनं तिला उठवलं. पेटी उठली, तिनं थंडी बघितली, पंपाची कळ ओढली, आणि गप्प झाली.

आर्डिस खुर्चीत पुढे सरकली. चिपला थांबवून तिनं आत बघितलं. चिपनं स्वच्छ नोंदून ठेवलं होतं की वीज कमी पडली म्हणून मला मध्येच परत जागं व्हावं लागलं. कळ ओढायला जोर लागतो, गारठलेल्या बॅटरीचा दाब तेवढ्यात खाली बसतो, आणि नेमकी त्याच क्षणी चिप आपली आठवण लिहून ठेवत असते. लिहिता लिहिता भोवळ आली, अर्धं लिहिलं, आणि उठल्यावर ते अर्धवट वाचून ती जी बधिर होऊन बसली ती बसलीच.

आर्डिसनं ती अर्धवट आठवण पुसली, काळी काढून पांढरी लावली. तीच पेटी, तोच फ्रीझर. पेटी उठली, कळ ओढली, आठवण लिहिली, झोपली. ठणठणीत.

तिला हसावं की काय करावं कळेना. इतके दिवस आपण काय केलं? आजाऱ्याला काखेत हात घालून उभं धरलं, आणि म्हटलं, बघा, कसा छान उभा राहतो. ते हात तिनं स्वतःच त्या पट्टीत ओवले होते. कुणी दुसऱ्यानं ओवले असते तर बरं झालं असतं, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

मग तिनं एक पळवाट शोधली. माणूस आहे, शोधणारच. पट्टीतली ती विजेची वायर कापली तर पांढरीसुद्धा वीज देणार नाही. मग पांढरीच घेता येईल, काळीचं नाव काढायला नको, गावाला बोलायला नको. आर्डिसनं कात्री घेतली, कच्चकन वायर कापली आणि पांढरी लावली. पेटी पुन्हा ठणठणीत. बॅटरी काढून टाकली तरी चिपचा दिवा मिणमिणतच राहिला. पांढरी आपल्याच जोरात बोलायची, समोरच्याला झेपतंय का हे न बघता, आणि तिच्या त्या बोलण्याच्या तारांमधूनच वीज झिरपत होती. काळी आधी समोरची वीज किती आहे ते बघायची आणि तेवढ्याच आवाजात बोलायची. समोरच्याचा आवाज खाली गेला की हिचाही खाली. ना काही द्यायची, ना घ्यायची. शेजारी बसून फक्त बघायची.

आर्डिसनं कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. पळवाट संपली होती. निळं भांडं ओट्यावर होतं आणि त्यात वड्या अजून शिल्लक होत्या.

तिनं मर्लला फोन केला. तो कुठेतरी रस्त्याकडेला थांबला असावा, मागून ट्रक गेल्याचा आवाज आला.

“तुमची डबी वीज देत नाही,” आर्डिस म्हणाली.

“नाही देत.”

“हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“सगळ्यांना तो दोष वाटतो. कागदावर आहे लिहिलेलं.”

“कागद कोण वाचतं, मर्ल?”

“कुणी नाही.” मग, “सापडलं वाटतं काही.”

आर्डिसनं सांगितलं. फ्रीझर, बॅटरी, अर्धी लिहिलेली आठवण, कात्रीसकट सगळं. मर्लनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. तिचं संपल्यावर तो म्हणाला, “मला तुम्हाला एक सुचवायचं होतं. तुम्ही काळी घेणार असाल तर तुमची कंपनी मी आमच्या डुलूथ शहरातल्या पोराकडे सोपवतो. तो फेरी करेल. चांगला आहे, पॉवेल म्हणून. म्हणजे तुम्हाला कुणी काही म्हणायला नको.”

“कुणी काय म्हणणार आहे?”

“काही नाही म्हणणार,” मर्ल म्हणाला. “तेच तर.”

फोन ठेवल्यावर आर्डिस बराच वेळ खिडकीतून तळ्याकडे बघत राहिली. काठाला पाणी आताशा जाडसर दिसू लागलं होतं. म्हणजे पांढरी घेतली तर मर्ल पूर्वीसारखा बुधवारी येत राहणार, आणि हिवाळ्यात बोटघरं पडणार. काळी घेतली तर बोटघरं उभी राहणार, आणि बुधवारी कुणी पॉवेल येणार. त्याला वड्या येत असतील असं तिला वाटेना.

मीटिंग कॉफीच्या खोलीतच भरली, कारण कंपनीत तेवढीच खोली गरम असते. निळं भांडं मध्ये होतं. आता त्यात एकच वडी उरलेली, आणि ती वडी सकाळपासून शोकांतिका भोगत होती. आमच्याकडे शेवटची वडी कुणी घेत नाही. घेणारा हावरट. तिची अर्धी करतात, मग त्या अर्धीची अर्धी, शेवटी भुगा उरतो आणि तोही कुणी घेत नाही. पण ही वडी अजून अख्खी होती. सगळ्यांना माहीत होतं ती कुणाची, आणि सुरी लावायचं धाडस कुणाला झालं नव्हतं.

आर्डिस उभी राहिली. एरवी ती बसूनच बोलते.

“पट्टीतली विजेची वायर मी ओवली होती,” तिनं सुरुवात केली. “मागच्या वर्षी थंडी फार नव्हती. नेहमीचीच होती. चूक माझी.”

मग तिनं सगळ्यांना फ्रीझरपाशी नेऊन मागच्या वर्षीच्या पेटीला दोन्ही डब्या लावून दाखवल्या. कळ ओढली, पेटी गप्प. डबी बदलली, पेटी ठणठणीत. कर्टिस वाकून बघत राहिला. बेव्हसुद्धा फोन वाजत असताना उचलायला गेली नाही, यावरून काय ते समजा.

“म्हणजे पांढरी खोटं बोलते,” कर्टिस म्हणाला.

“खोटं नाही. मदत करते. तपासताना मदत नको.” आर्डिसनं तार गुंडाळली. “चिपनं आठवण लिहायची ती कळ ओढून झाल्यावर, दाब वर आल्यावर. ते मी बदललंय. आता काळीवर पेटी उठते, झोपते, उठते. कारखान्यात चिपांमध्ये नुसत्या सूचना भरायला पांढरी राहू दे, तिथे ती चांगली आहे. पण तपासायला काळी घ्यायची.”

कर्टिसनं गळा साफ केला. शहरातला असला तरी आता इथे बरीच वर्षं राहिला होता. “आर्डिस, किंमत जरा... म्हणजे मला पटलंय. फक्त... बाकी काही... म्हणजे दुसरं काही त्यात नाही ना? असं कुणी विचारलं तर.”

बेव्ह छताकडे बघू लागली. कुणीतरी कॉफीचा कप उचलला आणि रिकामा आहे हे कळूनही प्यायला.

आर्डिस टेबलापाशी आली. तिनं निळ्या भांड्यात हात घातला आणि शेवटची वडी उचलली. अर्धी नाही, अख्खी. सगळ्यांच्या देखत तिचा घास घेतला, चावला, गिळला, मग दुसरा.  तिनं ओट्यावरचा ओला फडका घेऊन बोटं पुसली.

“डबीत दुसरं काही नाही,” ती म्हणाली. “डबी तुम्ही बघितलीत. वडीचं म्हणाल तर ती वेगळी गोष्ट आहे, आणि ती कंपनीची नाही.”

मग ती बेव्हकडे वळली. “बेव्ह, मर्लला फोन लाव. सांग की ऑर्डर आहे. आणि सांग, तो पॉवेल की कोण, त्याला डुलूथलाच राहू दे. मला फेरीवर मर्ल पाहिजे.”

“असंच सांगू?” बेव्हनं विचारलं. 

“असंच. तू तसंही सांगणारच आहेस सगळ्यांना. यावेळी त्यालाही सांग.”

बेव्हनं फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं हे नंतर सगळ्या गावानं तिला विचारलं. बेव्ह शपथेवर सांगते की मर्ल एवढंच म्हणाला, “वाईट नाही.”

पुढच्या बुधवारी पिकअपच्या पुढच्या सीटवर निळं भांडं परत गेलं. त्यात जंगली तांदळाची हॉटडिश होती, वर कागद घट्ट बांधलेला, म्हणजे रस्त्यात सांडू नये. आर्डिसनं स्वतः ते सीटवर ठेवलं आणि त्याला सीटचा पट्टाही लावला. मर्लनं हवेचं सांगितलं. मग रस्त्याचं. हरणांवर आला तेव्हा आर्डिस दार उघडून शेजारी जाऊन बसली, भांडं मांडीवर घेऊन, कारण बाहेर थंडी होती.

त्या हिवाळ्यात तळं नेहमीसारखं गोठलं, आणि पेट्या रात्रंदिवस उठल्या, झोपल्या, उठल्या. स्टेनरूडांचं नवं बोटघर ताठ उभं राहिलं. एकही पेटी परत आली नाही. हे सगळं गावाला आज विचाराल तर कुणाला धड आठवणार नाही. काळी डबी, पांढरी डबी, कुणाला फरक सांगता येणार नाही. पण आर्डिस त्वेटनं शेवटची वडी घेतली, अख्खी, आणि मालकाच्या समोर घेतली, हे चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना अजून सांगतात. आवाज खाली आणून सांगतात. आणि सांगून झालं की भांड्यात उरलेल्या शेवटच्या वडीकडे सगळे एकदा बघतात, आणि कुणीतरी सुरी घेऊन तिची अर्धी करतं.